दोन मांडवांचा मान

रूपालीच्या नवऱ्याने त्या वर्षी भर दिवसा घरात बॅटरी लावून फिरायला सुरुवात केली. लाईट गेली म्हणून नव्हे. ती बॅटरी म्हणजे त्याचा माईक होता. ती तो हनुवटीखाली धरायचा आणि बटण दाबायचा, कारण बटण दाबल्याशिवाय आपण चालू झालो असं त्याला वाटतच नसे. त्यामुळे बोलताना त्याच्या नाकपुड्या आतून लालभडक दिसायच्या आणि भिंतीवर सुपाएवढ्या कानांच्या सावल्या पडायच्या.

"मित्रहो! आता आपल्यासमोर येत आहेत, मखमलाबादच्या मळ्यातली ताजी मेथी घेऊन, इगतपुरीच्या सुकन्या आणि आमच्या घराण्याच्या स्नुषा, सौभाग्यवती रूपालीताई! जोरदार टाळ्या!"

"मी ताई नाही, बायको आहे," रूपाली कढई खाली ठेवत म्हणायची. "आणि मेथी नाही, शेपू आहे."

"शेपू म्हटलं की टाळ्या पडत नाहीत गं."

टाळ्या तशाही एकट्या सासूबाईच वाजवायच्या. नवसाबाईंना लेकाचा हा नवा नाद मनापासून आवडला होता, कारण तो त्यांची ओळख 'फुलांच्या व्यवसायातील ज्येष्ठ मार्गदर्शिका' अशी करून द्यायचा. जन्मभर फूलबाजारात बसून झेंडू विकला, पण मार्गदर्शिका म्हणून कुणी हाक मारली नव्हती. नववीतली सृष्टी मात्र मैत्रिणींना घरी आणेनाशी झाली. एकदा एक मैत्रीण गणिताची वही न्यायला आली होती, तर पप्पांनी तिचं शाल-श्रीफळ देऊन स्वागत केलं. शाल म्हणजे पंचा आणि श्रीफळ म्हणजे कांदा.

ज्ञानेश सातपूरला एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. पत्रा आत घालायचा, पायाने दाबायचं, धाडकन आवाज, ब्रॅकेट बाहेर. पुन्हा पत्रा, पुन्हा धाडकन. लग्नाआधीपासून तो हेच करत आला होता. अशा शॉपमध्ये माणूस बोलत नाही, ओरडतो. आणि ते धाडधाड ऐकून ऐकून त्याचे कान असे झाले होते की घरी आल्यावरही तो मीठ मागायचा तेव्हा पलीकडच्या लंकाबाई मिठाची बरणी घेऊन दारात यायच्या.

या माणसाला माईक सापडला खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असते, मशिनी बंद, सगळ्यांना हळद-कुंकू आणि पेढे. दरवर्षी बोलणारे ऑफिसातले बाबू त्या वर्षी आजारी पडले आणि कुणीतरी गमतीने ज्ञानेशच्या हातात माईक दिला. तो बोलायला लागला तसा शॉप चिडीचूप झाला. प्रेस बंद होत्या. इतकी वर्षं शेजारी उभी राहिलेली माणसं त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकत होती. कार्यक्रम संपल्यावर एक वेल्डर येऊन म्हणाला, "ग्यानूभाऊ, तुमचा आवाज असा आहे होय? मला वाटायचं तुम्हाला दमा आहे."

बस्स. तेव्हापासून ज्ञानेशचं प्रेसमधलं लक्ष उडालं आणि लग्नांत गेलं. आपल्याकडे लग्नात नवरा-नवरी नसली तरी एकवेळ चालेल, पण माईकवर बोलणारा लागतोच. कोण कुठल्या गावाहून आलं, कोण कुणाचा साडू, कोण माजी सरपंच, कोण भावी सरपंच, हे सगळं खणखणीत आवाजात सांगायचं आणि एकेकाचा टॉवेल-टोपी देऊन सत्कार घडवून आणायचा. यात खरी मेख आवाजाची नसते, क्रमाची असते. कुणाचं नाव कुणाच्या आधी. एक नाव मागे-पुढे झालं की दोन घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडे पाणी पीत नाहीत.

हे ज्ञानेश घरच्या घरी शिकला. लंकाबाई एकदा विरजण मागायला आल्या तेव्हा त्याने 'गल्लीचा आधारवड' म्हणून त्यांचं स्वागत केलं. त्यानंतर त्या रोज विरजणाला येऊ लागल्या. त्यांच्या घरी दही लागत नव्हतं अशातला भाग नाही. त्यांच्या घरी म्हैस होती. मग भाऊबीज आली. रूपालीचा भाऊ संतोष, रेल्वेत पॉइंट्समन, इगतपुरीहून मिठाईचा पुडा घेऊन आला. ज्ञानेशने बॅटरी लावली आणि आधी लंकाबाईंचं नाव घेतलं, मग संतोषचं.

संतोषने बासुंदीला हात लावला नाही. "पोट बरं नाही," म्हणाला आणि ओवाळून झाल्या झाल्या मिळेल त्या गाडीने परत गेला.

"माझ्या भावाच्या आधी म्हैसवाली?" रूपाली म्हणाली. ती आठवडाभर त्याच्याशी सृष्टीमार्फत बोलली.

"अनुभव आला," ज्ञानेश बॅटरीकडे बघत म्हणाला. "सासरचा माणूस आधी. मग देव. मग बाकीचे."

इथपर्यंत रूपालीने हसून घालवलं असतं. माणसाला एखादा नाद असतो. कुणी कबुतरं पाळतं, कुणी बायकोचं निवेदन करतं. पण त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी कारखान्यात नोटीस लागली. कंपनीला माणसं कमी करायची होती. ज्याला स्वेच्छेने निवृत्त व्हायचं असेल त्याने फॉर्म भरावा. ज्ञानेशने फॉर्म आणला, सगळा भरला, सही तेवढी शिल्लक ठेवली आणि देवघरात गणपतीच्या मागे उभा केला.

रूपालीने घरचा हिशेब मांडला. मळा आता वाटण्या होऊन चार सऱ्यांवर आला होता. सासूबाईंची फुलं आणि तिचं हार गुंफणं यावर चहा-साखर चालायची. घर चालायचं ते प्रेसवर. उद्या सृष्टीला स्थळं यायला लागतील. वडील काय करतात? लग्नात बोलतात. काय बोलतात? सर्वांनी जेवून जावे असं बोलतात.

"अहो, जेवायला तर लोक न बोलवताही येतात," ती म्हणाली. "त्यासाठी चांगली नोकरी कुणी सोडतं का?"

ज्ञानेश त्या दिवशी बॅटरी न घेता बोलला, म्हणून तिने नीट ऐकलं. "रूपाली, तिथं मी ओरडलो तरी कुणाला ऐकू जात नाही. बोट गेलं एखादं प्रेसमध्ये, तरी आधी शेजाऱ्याला खूण करून सांगावं लागेल. अजून अशी किती वर्षं काढायची सांग. आणि तिकडं मी साधं नाव घेतलं तरी माणूस फुलतो. म्हैसवाली फुलते."

हे तिला पटलं. पण पटलं म्हणून नवऱ्याला नोकरी सोडू देणारी ती बाई नव्हती. तिने डोकं चालवलं.

संधी नवसाबाईंनीच आणली. मोतीराम मांडववाल्याकडे त्या फुलं पोचवायच्या. औरंगाबाद नाक्याच्या पुढे त्याची दोन लॉन्स, शेजारी शेजारी, मधे मेंदीचं कुंपण. त्या रविवारी तिथी इतकी दाट होती की सगळ्या नाशकात बोलणारा माणूस मोकळा नव्हता. नवसाबाई म्हणाल्या, "मोतीराम, माझा ग्यानू हाय ना. लय गोड बोलतो. मलाच इचार." मोतीरामला दुसरा इलाज नव्हता.

"ठीक आहे," रूपाली ज्ञानेशला म्हणाली. "जा. पण एक अट. त्या लग्नात एकसुद्धा पाहुणा रुसला नाही, तर सोमवारी मी स्वतः तुम्हाला सही करायला पेन देईन. आणि एक जरी रुसला, तर फॉर्म चुलीत, आणि मुकाट प्रेसवर."

"मंजूर!" ज्ञानेश म्हणाला.

नवसाबाई हार गुंफता गुंफता थांबल्या. "अगं, एक बी पाव्हणा रुसला नाय, तर ते लगीन कसलं? माझ्या लग्नात तर खुद्द नवरदेव रुसला व्हता. बेल-बॉटम शिवली नाय म्हणून नाय गं, घोडी आणली नाय म्हणून."

रूपाली सुईत दोरा ओवत राहिली. तिला ते ठाऊक होतंच.

रविवारी सगळं घर लॉनवर होतं. नवसाबाई दोन्ही लॉन्सवर गजरे आणि वेण्या पोचवत फिरत होत्या. रूपाली स्टेजच्या बाजूला टोपली घेऊन बसली होती, सृष्टी तोंड लपवायला आचाऱ्यांकडे. नवरीचे वडील गेणू आप्पा, सटाण्याकडचे कांदेवाले, फेटा बांधून घामाघूम. वरपिता गोटीराम नाना निफाडचे. अंगाने दणकट पण मनाने हळदीच्या पानासारखे. कुठूनही चीर जाईल. सकाळी त्यांच्या गाडीला सावलीत जागा मिळाली नाही तेव्हाच त्यांचा खालचा ओठ पुढे आला होता. रूपालीने तो बरोबर हेरला. हाच, ती मनात म्हणाली. हाच आपली नोकरी वाचवणार.

ज्ञानेशने काळा कोट घातला होता. तो संतोषचा, रेल्वेचा जुना. भाऊबीज विसरून त्याने दिला होता हे विशेष. माईक हातात आला तशी त्याने पहिली गोष्ट केली ती ही, की माईकवाल्याला सांगून एक भोंगा शेजारच्या लॉनच्या बाजूला वळवून घेतला, कारण सगळे भोंगे आपल्याकडे तोंड करून असले की बोलणाऱ्यालाच चक्कर येते असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे, "वाढव." माईकवाल्याने आवाज वाढवला. "अजून वाढव, ऐकू येत नाहीये." ऐकू सगळ्यांना येत होतं. त्याला येत नव्हतं.

पण बोलला मात्र झकास. हे रूपालीलाही कबूल करावं लागलं. गोटीराम नानांचं नाव त्याने पहिलं घेतलं, मधे घेतलं आणि पुन्हा शेवटी घेतलं. त्यांच्या मेहुण्यांना 'नानांच्या यशामागची अदृश्य शक्ती' म्हणाला. एका म्हाताऱ्या मामांचं गाव कुणालाच सांगता येईना, तर 'ज्यांना कोणतंही एक गाव पुरत नाही असे' म्हणून त्यांचं स्वागत केलं. मामा रडले. नानांचा ओठ हळूहळू मागे गेला. रूपाली टोपलीतल्या शेवंतीचे देठ खुडत बसली आणि खुडता खुडता फुलंच खुडायला लागली.

लग्न लागलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. आता पंगत. गेणू आप्पांनी बुफे ठेवला नव्हता. "उभ्यानं खातो तो पाव्हणा नाय, बैल," असं त्यांचं म्हणणं. सतरंज्या टाकलेल्या, पत्रावळी मांडलेल्या, पहिली पंगत अर्थातच वरपक्षाची. गोटीराम नाना आणि त्यांची माणसं अजून स्टेजवर होती. फोटोवाल्याने त्यांना ओळीने उभं केलं होतं आणि नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळायला तयार होता.

"समस्त वऱ्हाडी मंडळी!" ज्ञानेशने छाती भरून घेतली. "वरपक्षाच्या सर्व पाहुण्यांना नम्र विनंती! पहिली पंगत मांडून तयार आहे! गरम जिलबी आपली वाट पाहत आहे! मेंदीच्या कुंपणाशेजारी बसून घ्यावे! जेवल्याशिवाय कुणी गेल्यास यजमानांच्या काळजाला घरे पडतील!"

एवढं तो तीनदा म्हणाला.

आता शेजारच्या लॉनवर काय झालं होतं, ते पाहा. तिथलंही लग्न नुकतंच लागलं होतं, आणि तिथला आवाजाचा डबा सकाळीच जळाला होता. त्यामुळे तिथे जेवायला बोलवणारं कुणीच नव्हतं. त्यांचं वऱ्हाड पहाटे चांदवडहून निघालेलं, पोटात कावळे. तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला: वरपक्ष, पंगत, जिलबी, मेंदीचं कुंपण. कुंपण समोरच होतं. त्याला आचाऱ्यांना ये-जा करायला एक वाट होती. जेवणाची सोय पलीकडे केलेली दिसते, असं त्यांच्यातला एक शहाणा म्हणाला आणि सगळं वऱ्हाड, फेटेवाले, शालूवाल्या, कडेवरची पोरं, त्या वाटेने रांगेत आत शिरलं. बसलं. वाढप्यांनी वाढलं. वाढप्याला काय, पत्रावळीपुढे माणूस दिसलं की तो वाढतो.

गेणू आप्पा हात जोडून पंगतीतून फिरायला लागले तेव्हा त्यांना एकही चेहरा ओळखीचा दिसेना. "जेवा, जेवा," म्हणत ते शेवटपर्यंत गेले आणि माईकजवळ येऊन खालच्या आवाजात आपल्या अहिराणीत म्हणाले, "भाऊ, हाई काय शे? ही मान्सं कोन शे?"

"वरपक्ष," ज्ञानेश म्हणाला.

"वरपक्ष तर तो उभा शे ना!"

सगळ्यांनी स्टेजकडे पाहिलं. फोटो संपले होते. कान पिळून झाला होता. गोटीराम नाना आपली माणसं घेऊन खाली उतरत होते. पंगतीपाशी येऊन ते थांबले. या टोकापासून त्या टोकापर्यंत अनोळखी माणसं त्यांच्या वाटणीची जिलबी खात होती.

"उठवायचं का यांना?" मोतीराम कुजबुजला.

गेणू आप्पांनी कानांना हात लावले. "अन्नावरून मानूस उठवू? सात पिढ्या नरकात जातील माझ्या. मना याही, नवरदेवना बाप, उपाशी शे, आते काय करू?"

गोटीराम नानांचा खालचा ओठ पुढे येऊ लागला. तो असा काही आला की त्यावर पानदान ठेवता आलं असतं. "म्हणजे आम्ही दुसऱ्या पंगतीचे," ते अगदी हळू म्हणाले. वरमाय तिथेच खुर्चीत बसली आणि तिने पदर डोळ्याला लावला. मेहुण्यांनी, त्या अदृश्य शक्तीने, गाडीची किल्ली मागितली.

नवसाबाई तेवढ्यात कुंपणाच्या वाटेने तणतणत आल्या. "रूपाली, काय जमाना आला बघ! पल्याडच्या मांडवात ताटं मांडून ठेवल्यात, बुंदीचे डोंगर केल्यात, अन्‌ जेवायला एक मानूस नाय. सगळं वऱ्हाड कुठं उलथलं देवाला ठाऊक. त्यो बिचारा यजमान रडायला आलाय."

रूपालीने सासूकडे पाहिलं, पंगतीकडे पाहिलं, नानांच्या ओठाकडे पाहिलं. तिला सगळं एका क्षणात कळलं. आणि हेही कळलं की आपल्याला आता काहीएक करायचं नाही. नुसतं गप्प बसायचं. नाना रुसले. अट संपली. फॉर्म चुलीत. सोमवारी डबा भरायचा, नवरा प्रेसवर, सगळं जागच्या जागी.

मग तिने ज्ञानेशकडे पाहिलं.

तो माईक धरून उभा होता आणि बोलत नव्हता. लग्न झाल्यापासून तिने या माणसाला असं आवाजाविना कधी पाहिलंच नव्हतं. झोपेतसुद्धा तो घोरायचा. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. रेल्वेचा कोट खांद्यांवरून खाली आल्यासारखा दिसत होता. प्रेससमोर हा रोज असाच उभा राहत असेल, तिला वाटलं. तोंड हलतंय आणि कुणाला काही ऐकू जात नाही.

"मरो ती नोकरी," रूपाली म्हणाली आणि टोपली खाली ठेवून ताडताड माईकपाशी गेली. "अहो, बोला!"

"काय बोलू?"

"काय बोलू काय? म्हैसवालीला आधारवड केलंत, आणि आता विचारता होय! अहो, पल्याडच्या मांडवात पानं मांडलेली आहेत, आणि माणसं इकडे आलीत. त्यांची इकडे आली तर आपली तिकडे जाऊ द्या! पण असं सांगा, की नानांना वाटलं पाहिजे हे सगळं त्यांच्यासाठीच केलंय."

ज्ञानेशने तिच्याकडे पाहिलं. माईक तोंडाशी नेला. घसा साफ केला तो अख्ख्या नाक्याला ऐकू गेला.

"मित्रहो!" तो म्हणाला. "शांतता! आता तो क्षण आला आहे! आजपर्यंत आपण वरपित्याला एका मांडवाचा मान मिळालेला पाहिला. परंतु गोटीराम नानांसारख्या माणसाला एक मांडव पुरेल का? पुरेल का?"

"नाय!" कुणीतरी मागून ओरडलं. त्या नवसाबाई होत्या.

"म्हणूनच गेणू आप्पांनी नानांसाठी योजला आहे, दोन मांडवांचा मान! इकडच्या मांडवात लग्न, आणि शेजारच्या मांडवात, खास नानांसाठी, बुंदीचं भोजन! वाजंत्री, वाजवा! मान वाजतगाजत निघाला पाहिजे!"

नानांचा ओठ जिथे होता तिथे थांबला. "दोन मांडवांचा मान?" त्यांनी मेहुण्याला विचारलं. "हे काय असतं?"

मेहुण्याला माहीत नव्हतं, पण आपल्याला माहीत नाही हे निफाडात कळावं अशी त्याची इच्छा नव्हती. "जुनी रीत आहे," तो म्हणाला. "हल्ली कुणी पाळत नाही."

वाजंत्री वाजू लागली. माईकची वायर कुंपणापर्यंत पुरेना, तेव्हा ज्ञानेशने माईक ठेवला आणि नुसत्या गळ्याने ओरडत पुढे निघाला. त्याच्यामागे गोटीराम नाना, फेट्याचा तुरा मेंदीत अडकवत. त्यांच्यामागे डोळे पुसून वरमाय. मागे सगळं निफाड. वाटेत दोन्ही वऱ्हाडं आमनेसामने आली. चांदवडवाले जिलबीचा घास हातात धरून उठू लागले तसा ज्ञानेश गरजला, "बसा! आपणही दोन मांडवांचे मानकरी आहात!" ते बसले. उलट त्यांना आणखी जिलबी वाढण्यात आली.

पलीकडचा यजमान खरोखरच रडायला आला होता. रिकाम्या पानांपुढे माणसं येऊन बसताहेत हे पाहून त्याने कोण, कुठले, हे काही विचारलं नाही. नानांच्या कपाळाला गंध लावलं आणि स्वतः पंख्याने वारा घालायला लागला. इतकी सरबराई नानांची त्यांच्या स्वतःच्या लग्नात झाली नव्हती. जेवून झाल्यावर ते उठेनात. निघताना गेणू आप्पांना मिठी मारून म्हणाले, "याही, दिल दर्या आहे तुमचा." आणि इकडे दुसऱ्या पंगतीची माणसं मोतीरामला गाठून हळूच विचारत होती, आम्हाला पण तिकडे बसवता का?

संध्याकाळी रिक्षात चौघं दाटीने बसली होती. ज्ञानेश गप्प, कारण त्याचा आवाज गेला होता. बसला नव्हता, गेलाच होता. तोंड उघडलं की टायरमधून हवा जावी तसं काहीतरी निघायचं.  पण आणखी कोण बोलत नव्हतं ते अचानक रूपालीच्या लक्षात आलं. नवसाबाई.

"काय झालं आई?"

"मला काय व्हायचंय," नवसाबाई बाहेर बघत म्हणाल्या. "साऱ्या मुलखाची नावं घेतली. निफाडची घेतली, चांदवडची घेतली, ज्याला गाव नाय त्याचं बी घेतलं. फुलं कुणी आणली, हार कुणी केले, ते नाय घेतलं. घेऊ नको बाबा. आम्ही काय, फुलंवाल्या."

ज्ञानेशचे डोळे मोठे झाले. त्याने रूपालीकडे पाहिलं. रूपालीने त्याच्याकडे. सृष्टी म्हणाली, "मम्मी! आजी रुसली! म्हणजे पप्पा हरले!"

रिक्षा रामवाडीच्या पुलावरून चालली होती. हातची गेलेली नोकरी देवाने पुन्हा पदरात टाकली होती, तीही सासूच्या हातून. रूपालीने पदर सावरला.

"आई पाहुण्या कुठं आहेत?" ती म्हणाली. "अट पाहुण्यांची होती. आई घरच्या. घरच्यांनी रुसायचं नाही तर कुणी?"

"म्हंजे मला रुसायची बी चोरी?" नवसाबाई म्हणाल्या आणि दुप्पट रुसल्या.

सोमवारी सकाळी ज्ञानेशने सही केली. पेन रूपालीनेच दिलं. मोतीराम घरी येऊन गेला होता. पुढच्या तिथीच्या लग्नातले वरपिते आत्ताच विचारायला लागले होते की दोन मांडवांचा मान आमच्यात का नाही, निफाडवाल्यांना मिळाला तो. "हा मान तुम्हीच काढलात," मोतीराम म्हणाला, "आता तुम्हीच निस्तरा." ज्ञानेशने मान डोलावली. आवाज अजून आला नव्हता, म्हणून रूपाली त्याच्याबरोबर कारखान्यात गेली.

पर्सोनेलचे साहेब चष्म्यावरून पाहणारे होते. फॉर्म उलटसुलट करून म्हणाले, "चांगला कामगार आहे हो हा. एवढी वर्षं एक तक्रार नाही. पुढे काय करणार आहात?"

ज्ञानेशने तोंड उघडलं. हवा निघाली.

"लग्नात बोलणार आहेत," रूपालीने सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "कोण? हे?"

"हो."

"बोला बरं जरा."

ज्ञानेशने पुन्हा प्रयत्न केला. साहेब टेबलावरून पुढे वाकले, कान पुढे केला आणि तसेच मागे गेले. त्यांनी शिक्का उचलला होता तो खाली ठेवला. "ताई," ते मवाळ आवाजात म्हणाले, "अजून संध्याकाळपर्यंत मुदत आहे. फॉर्म घेऊन जा परत. मी कुणाला सांगणार नाही."

रूपालीने तो कागद पाहिला. हात पुढे केला की झालं. ज्ञानेशही तिच्या हाताकडेच बघत होता, आणि त्याचं तोंड पुन्हा मिटलं होतं.

"आवाज गेला नाही साहेब," ती म्हणाली. "काल वापरून झालाय सगळा. येईल. आला की तुम्हाला इथं बसून ऐकू येईल, खिडकीसुद्धा उघडावी लागायची नाही."

"आणि नाही आला तर?"

"नाही आला तर मी बोलेन," रूपाली म्हणाली. "हे नुसते ओठ हलवतील. तुम्ही शिक्का मारा."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि शिक्का उचलला. त्याच वेळी खाली शॉपमध्ये प्रेस सुरू झाल्या, त्यामुळे तो टेकला कधी ते कुणाला ऐकू आलं नाही. पण कागदावर तो उमटलेला दोघांनीही पाहिला.